फियाटची बैलगाडी

आळेफाट्यावर कुशाबाला सगळे चिकट म्हणत, आणि तोंडावर म्हणत. पाठीमागे बोललेलं त्याला चालत नसे. समोर येऊन बोललं तर त्याला तिथल्या तिथे शिव्या घालता येत. चिकट म्हणायचं कारण त्याची सायकल. पुण्या-नाशकाचा रस्ता आणि कल्याण-नगरचा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तिथे त्याचं दुकान. दारात दिवसभर जीपगाड्या उभ्या, एकूण एक ड्रायव्हर ओळखीचा, फुकट न्यायला तयार. आणि हा गडी होळीला, दिवाळीला मढच्या पलीकडच्या आपल्या डोंगरातल्या गावी सायकल हाणत जायचा. वाटेत कुणी जीप थांबवून "बसा की कुशाबा" म्हटलं, की घाम पुसत म्हणायचा, "तुज्या त्या खोक्यात? त्याच्या गाद्या मीच शिवल्यात. मला नको सांगू."

कुशाबा गाड्यांच्या गाद्या शिवायचा. कुशाबा कुशनवाला. ऐकणाऱ्याला वाटायचं फाट्यानं ठेवलेलं नाव आहे, पण ते आईबापांनीच ठेवलेलं होतं. माझं स्पेअर पार्टचं दुकान त्याच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळे त्याची शिलाई आणि त्याची भांडणं दोन्ही मला दिवसभर फुकट. सीटभाड्यानं धावणाऱ्या वडाप जीप, टेम्पो, ट्रकच्या केबिन, नारायणगावच्या तमाशाच्या गाड्या, काहीही त्याच्याकडे यायचं. गिऱ्हाइकानं रंग सांगितला की हा विचारायचा, "शिवणार कोण? तू का मी?" वाघाच्या पट्ट्यांचं कापड घेऊन आलेल्या एका ड्रायव्हरला त्यानं ते कापड परत त्याच्याच बगलेत कोंबून हाकललं होतं. तरी लोक त्याच्याकडेच यायचे, कारण त्याची शिवण उसवायची नाही. गाडी भंगारात जायची, पण कुशाबाची गादी शाबूत निघायची.

आता आमच्या घरचं. धर्माजीतात्या माझे थोरले चुलते. राजुरीला कांदा, ऊस, गोठा, आणि एवढा मोठा आवाज की मळ्यात बोलले तर वस्तीवर भांडी घासणाऱ्या बाया गप्प व्हायच्या. चिमाकाकी त्यांची बायको. काकी बोलायची कमी, पण घर तिच्या मुठीत. तिचं एकच दुखणं होतं आणि ते आम्ही घरच्यांनी जगापासून लपवून ठेवलं होतं. काकीला गाडी लागायची.

थोडीथोडकी नाही. एसटीचा धूर लांबून नाकाला आला तरी तिचा चेहरा पांढरा पडायचा. जेजुरीला निघालो होतो तेव्हा ती नारायणगावातच उतरली ती पुन्हा चढली नाही. तिथून राजुरीपर्यंत चालत परत आली. तात्या तिच्या मागून चालत आले, पण चांगलं अंतर ठेवून, कुणाला वाटू नये की हे दोघं बरोबर आहेत. मग तात्यांनी गावात सांगून टाकलं, की हिनं देवाला नवस बोललाय, गाडीत पाय ठेवणार न्हाई. लोक काकीच्या पाया पडायला लागले. काकी बिचारी ओशाळून पदर तोंडावर घ्यायची. बैलगाडीत मात्र तिला काही म्हणजे काही व्हायचं नाही. बेल्ह्याच्या बाजाराला स्वतः कासरा धरून जायची.

हे सगळं चालून गेलं असतं, पण एकुलती एक लेक वैजयंती दिली मुरबाडला. मध्ये माळशेज घाट. लग्न राजुरीला मांडवात झालं म्हणून निभावलं. पुढे वैजू यायची-जायची, काकीला जायची वेळ आली नाही. मग नव्व्याण्णव साली वैजूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी बोलूनसुद्धा दाखवत नाही, ते धरलेलंच असतं. काकीनं खोली सारवून घेतली, बाजेची सुंभं नवी आवळली, डिंक-खारीक डब्यात भरून ठेवली. आणि सातव्या महिन्यात मुरबाडच्या डॉक्टरनं सांगितलं की बाळाची वार खाली आली आहे, पोरीनं पडून राहायचं, घाट अजिबात चढायचा नाही.

वैजूची सासू लग्नाच्या आधीच वारलेली. घरात नवरा आणि सासरा. दोघंही माणसं चांगली, पण बाळंतिणीचं काय कळणार त्यांना? शेजारच्यांच्या फोनवर वैजूचा फोन आला. तिनं आईला 'ये' असं म्हटलंच नाही. आईला कसं यायला जमणार, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "तू नगं काळजी करू. हितं शेजारच्या बाया हायेत." फोन ठेवून काकी घरी आली आणि त्या सारवलेल्या खोलीत जाऊन बसली. तात्या दारापर्यंत गेले आणि परत फिरले. त्यांना रडणाऱ्या माणसापुढे कसं उभं राहायचं ते कधी कळलंच नाही.

त्यांना कळायचं ते असं, की काहीतरी विकत आणायचं. दुसऱ्याच आठवड्यात ते जुन्नरच्या एका डॉक्टरची जुनी फियाट घेऊन दारात हजर. तात्यांचं म्हणणं साधं होतं. "परक्याच्या गाडीत लागतंय तिला. सोताच्या गाडीत कुनाला लागत आसतंय व्हय?"

गाडी बाहेरून बरी होती, दुधी रंगाची. आत मात्र उंदरांनी संसार मांडलेला. सीटच्या स्प्रिंगा वर आलेल्या, छताचं कापड लोंबत होतं. तात्यांनी ती कुशाबाच्या दारात लावली आणि फर्मावलं, "आतनं राजवाडा कर. दसऱ्याला पूजा हाय." कशासाठी आणि कुणासाठी, ते सांगितलं नाही. नवसाची गोष्ट फाट्यापर्यंत पोचलेली, मग सांगणार कसं?

कुशाबानं खरोखर राजवाडा केला. तांबडंभडक रेक्झिन, त्याला कडेनं पांढरी पायपिंग, आत नवा कोरा फोम, छताला मखमल, मागच्या काचांना झालरीचे पडदे. पुढे डॅशबोर्डवर अत्तराची बाटली. आणि सगळ्यावर जाड पारदर्शक प्लॅस्टिक, म्हणजे नवेपणा टिकावा. दसऱ्याला आपट्याची पानं, झेंडूचे हार, नारळ झाला, गाडीच्या आत उदबत्ती फिरवली. काकीला मागच्या सीटवर बसवलं, घरच्या लक्ष्मीसारखी. पडदे ओढले, धूळ नको म्हणून काचा वर केल्या. तात्या पुढे मालकाच्या जागी, चालवायला मी.

फाटासुद्धा आला नाही. त्याच्या आधीच काकीनं माझ्या पाठीवर दोन चापट्या मारल्या. ती रस्त्याकडेच्या कांद्याच्या वाफ्यात बसून राहिली आणि बॉनेटवर झेंडूचा हार वाऱ्यानं हलत राहिला. मग तोंड धुऊन ती उठली आणि घराच्या दिशेनं चालू लागली. जाताना मला म्हणाली, "गोरख, वैजूला सांगू नगं रं, मी बसून बघितलं म्हून. उगं आस लागंल पोरीला."

मला काकी सोडून सगळ्यांचा राग आला. त्या गाडीचा, तात्यांचा, त्या अत्तराच्या बाटलीचा.

दुसऱ्या दिवशी तात्या कुशाबाच्या दुकानात शिरले ते ओरडतच. "काय शिवलंस रं? बसवत न्हाई त्यात मानसाला!"

कुशाबा हातातलं दाभण घेऊनच उठला. "कुनाला बसवत न्हाई? माज्या शिलाईत खोट काढायला कुनी आलं न्हाई अजून!"

"मी आलोय की!"

"मग सांगा, कुठं टोचतंय? कुठं उसवलंय?"

तात्यांना सांगता येईना आणि गप्पही बसवेना. दोघंही एकाच वेळी ओरडत होते, समोरच्या हॉटेलातनं आणलेल्या चहावर साय धरली, जीपवाले गोळा झाले. माझं डोकं फिरलं. मी दोघांना दुकानात आणखी आत ढकललं, शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणालो, "कुशाबा, काकीला गाडी लागते. नवस-बिवस काही नाही. तिला मुरबाडला लेकीकडे जायचंय आणि ती फाट्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. बास?"

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरातली तिजोरी रस्त्यावर उघडली होती. कुशाबानं दाभण मशिनीवर ठेवलं. मग खाली बघून म्हणाला, "मलाबी लागते."

"काय?"

"गाडी. मलाबी लागते. जीप, यष्टी, काय बी. ल्हानपनापासनं." मग एकदम उसळून म्हणाला, "आता कुनाला सांगू? कुशनवाल्याला गाडी लागते म्हनलं तर फाट्यावर तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

"म्हंजे ती सायकल..." तात्या म्हणाले.

"मग? हौस हाय का मला घामानं भिजायची?"

तात्यांचा आवाज त्या दुकानात पहिल्यांदा खाली आला. त्यांनी कुशाबाच्या शेजारी, फोमच्या ढिगावर बसकण मारली. कुशाबा म्हणाला, "आदी सांगितलं आसतं तर मी ते आत्तर लावलं आसतं का? नव्या रेक्झिनचा वास, चिकटवायच्या सोल्युशनचा वास, वर पलास्टिक, काचा बंद, आन मागची सीट. मी आसतो तर घरातनं निघायच्या आदीच आडवा झालो आसतो." मग विचारलं, "वैनीला लागत न्हाई आसं काय हाय का कशात बसून?"

"बैलगाडी," तात्या म्हणाले.

"मग झालं तर. फियाटची बैलगाडी करतो."

तो सायकलवर राजुरीला आला. काकी आणि तो ओट्यावर बसून बोलत होते, आणि मी लांबून बघत होतो. एका माहेरची दोन माणसं बऱ्याच वर्षांनी भेटावीत तसं बोलणं चाललं होतं. "संत्र्याची साल सोलली कुनी की संपलं बगा." "आन ती उकडल्याली अंडी?" "नाव नका काढू, भाऊ!" काकी हसत होती. आपल्यासारखं आणखी कुणी आहे, एवढंच तिला पुष्कळ झालं होतं. मग कुशाबानं तिला बैलगाडीत बसवून गाडी वस्तीभोवती फिरवायला लावली आणि स्वतः शेजारून चालत राहिला. ती किती उंचावर बसते, पाठ कशी ठेवते, हात कुठे धरते, पाय कुठे रोवते, नजर कुठे असते. नजर बैलांच्या मधून, समोरच्या वाटेवर.

परत येऊन त्यानं आपलाच राजवाडा उसवायला घेतला. स्वतःच्या शिवणीवर पातं चालवताना त्याच्या तोंडातून ज्या शिव्या निघत होत्या त्या मी लिहीत नाही. शिवण घट्ट होती म्हणून तो जास्तच चिडत होता. फोम काढून काथ्या भरला, त्यावर पिंजलेला कापूस, वरून गादीपाटाचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड, तेही आधी धुऊन खळीचा वास घालवलेलं. सोल्युशनचा थेंब नाही, सगळं सुतळीनं हातानं शिवलेलं. छताला साधं मांजरपाट. पडदे गेले. अत्तराची बाटली त्यानं माझ्या कचऱ्याच्या डब्यात भिरकावली. पुढच्या अखंड सीटची डावी बाजू त्यानं खालून लाकूड देऊन उचलली, म्हणजे काकीची नजर बॉनेटच्या वरून रस्त्यावर जाईल. धरायला समोर एक गुळगुळीत बाभळीचा दांडा, आमच्याच मोडलेल्या बैलगाडीचा. फियाटला पुढच्या काचेजवळ एक छोटी तिकोनी काच असते, ती गंजून बसली होती. ती तेल घालून मोकळी केली, की उघडली म्हणजे वारा थेट तोंडावर. मग दारं सताड उघडून गाडी उन्हात ठेवून दिली. येणारे-जाणारे विचारायचे, "कुशाबा, गाडीला गोधडी शिवली व्हय?" कुशाबा उत्तर द्यायचा. तेही मी लिहीत नाही.

दिवाळीच्या तोंडावर मुरबाडहून निरोप आला, डॉक्टर आता कधीही दवाखान्यात घेतील. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरवलं.

आदल्या संध्याकाळी मी गाडी राजुरीला आणली होती, सकाळी कुशाबा ती बघायला आला. सायकल भिंतीला लावली, फियाटचं दार उघडलं आणि किंचाळला. तात्यांनी पहाटे उठून सगळ्या गाद्यांवर नवं प्लॅस्टिक चढवलं होतं. नारायणगावहून मुद्दाम आणलेलं. घट्ट बसावं म्हणून खाली दोऱ्यासुद्धा बांधल्या होत्या. त्यात वाईट हेतू काडीचा नव्हता. आमच्याकडे नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढणं म्हणजे ती वस्तू त्याच दिवशी जुनी करणं. टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक फाटून चिंध्या झाल्या तरी तात्यांनी काढू दिलं नव्हतं.

कुशाबानं कात्री काढली आणि फराफरा कापायला सुरुवात केली.

"आरं कोरी हाय गादी! डाग पडंल!" तात्या ओरडले.

"पडू द्या," काकी मागून म्हणाली. ती नऊवारी नेसून, पिशवी घेऊन उभी होती. "पडला तर माजाच पडंल ना?"

तात्यांनी प्लॅस्टिकच्या चिंध्या गोळा केल्या. पण सवयीनं त्यांचा हात पुढच्या दाराकडे गेला. काकी म्हणाली, "आवं, तुमी मागं." गडीमाणसं बघत होती. तात्यांनी एकदा घसा खाकरला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. तेवढ्यात काकी कुशाबाकडे वळली. "भाऊ, तुमीबी चला."

कुशाबाचा चेहरा पडला. "मी? दुकान हाय मागं. आन सायकल..."

"सायकलीला कोन खातंय? तुमाला लागली न्हाई तर मला न्हाई लागायची. आन लागली, तर दोघं मिळून उतरू."

कुशाबानं सायकलीला कुलूप लावलं. तो मागे खिडकीशी जाऊन बसला आणि दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली.

फाट्यावरून जाताना जीपवाल्यांनी कुशाबाला गाडीत बघितलं आणि जो हॉर्नचा कल्ला केला! कुशाबानं खिडकीतून मूठ दाखवली. मी मात्र रस्ता कमी आणि काकीला जास्त बघत होतो. तिनं बाभळीचा दांडा धरलेला, पाय रोवलेले, डोळे रस्त्यावर, तिकोनी काचेतून आलेल्या वाऱ्यानं पदर फडफडत होता. ओतूर आलं, गेलं. डिंगोरे गेलं. माझ्या छातीवरचा एकेक दगड प्रत्येक गावाला उतरत होता. मढला धरणाचं पाणी दिसलं तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "केवढं पानी हाय रं!" तिच्या आवाजात आजार नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी विनाकारण हॉर्न वाजवला. मागे कुशाबाची बडबड अखंड चालू होती, समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या सीटला नावं ठेवणं. बोलत राहिलं की त्याला बरं वाटत असावं.

घाट सुरू झाला. एक वळण, दुसरं वळण, डावीकडे कडा, उजवीकडे दरी. बोगदा मागे पडला आणि माझ्या लक्षात आलं की मागून तात्यांचा आवाज बराच वेळ आलेला नाही.

"गोरख," तात्या म्हणाले, अगदी बारीक आवाजात, "थांबव जरा."

आयुष्यभर पुढच्या सीटवर बसलेला माणूस पहिल्यांदा मागे बसून घाट उतरत होता. कठड्याशी वाकून तात्यांनी सकाळची भाकरी परत केली. कुशाबा त्यांची पाठ चोळत होता आणि "व्हतंय, व्हतंय, समद्यांना व्हतंय" म्हणत होता, अगदी जाणत्यासारखा. काकी उतरली. स्वतःसाठी आणलेलं लिंबू तिनं पिशवीतून काढलं, नखानं टोचलं आणि त्यांच्या नाकाशी धरलं. "हुंगा."

तात्या कठड्यावर बसले. माकडं जमली होती, त्यांच्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आसं व्हतं व्हय गं तुला?"

"आसंच."

"दर टायमाला?"

"दर टायमाला."

तात्यांनी लिंबू हातात घट्ट धरलं आणि मान खाली घातली. त्या नारायणगावच्या वाटेवर त्यांनी ठेवलेलं ते अंतर त्यांना आठवलं असणार, असं मला वाटतं. विचारायची माझी छाती नव्हती.

फियाटचा गिअर स्टिअरिंगला असतो, त्यामुळे पुढे मधे एक माणूस मावतो. काकीनं तात्यांना पुढे घेतलं, माझ्या आणि तिच्या मधे, आणि त्यांनाही दांडा धरायला दिला. दोघं नवरा-बायको बेल्ह्याच्या बाजाराला निघाल्यासारखे समोर बघत बसले. मागच्या पूर्ण सीटवर एकटा कुशाबा, गाडीच्या मालकासारखा. आणि त्याला काही झालं नव्हतं. हे त्यालाही आत्ताच कळत होतं. "आरं, मला कायच न्हाई की!" तो म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला, आणि टोकावड्यापर्यंत म्हणत राहिला.

पुढचं थोडं इथेच सांगून टाकतो. त्यानंतर कुशाबा कोणतीही गाडी आली की आधी विचारायचा, "घरात कुनाला लागते का? लाजू नगा, मलाबी लागते." लोक आधी चपापायचे, मग हळूच बायकोचं नाव सांगायचे, कधी स्वतःचं. काम झालं की गाडीत काचा बंद करून तो स्वतः बसायचा, आणि पोटात जरा ढवळलं तर पुन्हा उसवायचा. पुढे फाट्यावर तयार सीट कव्हरांची दुकानं निघाली, तरी त्याच्या दारात एखादी गाडी असायचीच. सायकल त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही, पण आता ती हौसेनं. आणि वैजूची मुलगी समृद्धी राजुरीला सुट्टीला यायची तेव्हा तिला त्याच फियाटच्या पुढच्या सीटवर बसवून आणावं लागायचं. आजीवर गेली आहे.

पण ते नंतर. त्या दिवशी आम्ही मुरबाडला वैजूच्या दारात गाडी लावली तेव्हा ऊन वर आलं होतं. आम्ही येणार हे कळवलं नव्हतं. काकीनंच कळवू दिलं नव्हतं, पुन्हा आस लावून मोडायला नको म्हणून. वैजूचा सासरा आत चुलीशी पेज ढवळत होता. पुढच्या खोलीत वैजू बाजेवर कुशीवर पडलेली, पोट सांभाळून. दारात सावली पडली म्हणून तिनं मान वळवली.

ती आधी आईच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली आईच्या पायांकडे गेली. पायांवर धूळ आहे का, टाचा फुटल्यात का ते बघत होती. तिचे डोळे भरून आले.

"आये," ती म्हणाली, "चालत आलीस?"

काकी बाजेच्या कडेला टेकली आणि तिनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

"न्हाई गं येडे," ती म्हणाली. "बसून आले."